घरखर्चाचे वर्ष

आमच्या घरात हिशेबाची वही कधी नव्हती. आजीला अक्षरओळख नव्हती. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत तिने वीस-बावीस वर्षे संसार केला. वाण्याची उधारी ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून मांडत असे. पगाराच्या दिवशी आजोबा रेघा मोजत आणि ती ओल्या फडक्याने पुसून टाकी. काही रेघा मात्र वरच्या बाजूला, वेगळ्या असत. त्या पुसल्या जात नसत. "त्या वर्साच्या हाईत," असे ती सांगे. महिन्याचा खर्च निराळा आणि वर्षाचा निराळा, हे अर्थशास्त्र मला विद्यापीठात कुणी शिकवले नाही. ते आजीला ठाऊक होते, आणि ते कळायला मला आधी इतिहासाचा प्राध्यापक व्हावे लागले, याची थोडी लाजही वाटते.

मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाची मोठी सरकारी पाहणी १९२१-२२ साली झाली. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने ती केली आणि फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबांचे जमाखर्च त्यात आहेत. कुटुंबाची सरासरी मिळकत महिन्याला ५२ रुपये ४ आणे ६ पै. शंभर रुपये खर्चापैकी ५६.८ अन्नावर, ९.६ कपड्यालत्त्यावर, ७.७ भाड्यावर, ७.४ सरपण आणि दिवाबत्तीवर, आणि राहिलेले १८.५ किरकोळ. शंभरातली ९७ कुटुंबे एका खोलीत राहणारी. याच अहवालाने म्हटले की कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल मापाइतके आहे. तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जे मिळते त्याहून मात्र ते कमी आहे. गिरणीतला माणूस कैद्याहून कमी खातो, हे सरकारी कागदावर सरकारनेच छापले!

'किरकोळ' हा शब्द मला फार दिवस छळतो आहे. अन्न, वस्त्र, निवारा यांत जे बसत नाही ते सारे या एका कोपऱ्यात लोटायचे. औषधपाणी, गावचा प्रवास, मयत, पोराची पाटी, सावकाराचे व्याज. पांढरपेशा घरात हे किरकोळ असेलही. आमच्या घराचे वर्ष याच किरकोळीने बुडवले.

अहवालातलेच आकडे घेऊन आजीसारखा हिशेब करून पाहू. शंभरातली ४७ कुटुंबे कर्जात होती. कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढे, आणि नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. आणा ऐकायला लहान वाटतो, पण बारा महिन्यांचे बारा आणे होतात, म्हणजे शेकडा ७५! सरासरी धरली तर १३० रुपयांच्या आसपास कर्ज आणि वर्षाचे व्याज ९८ रुपये. वर्षाची मिळकत ६२७ रुपये ६ आणे. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची कमाई सावकाराच्या दारात गेली आणि मुद्दल जिथल्या तिथे. बारा महिने राबायचे आणि दहा महिन्यांवर घर चालवायचे. महिन्याच्या तक्त्यात हे डोळ्यांत भरत नाही, वर्ष मांडले की दिसते.

ही सगळ्या कामगारांची गोष्ट झाली. आमच्या माणसांच्या जमेच्या बाजूलाच आधी कात्री लागलेली होती. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या धोट्याला आमचे तोंड लागलेले सवर्ण कामगाराला चालत नसे. आमची माणसे रिंग खात्यात, कमी मजुरीवर. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला तेव्हा वर्गाची एकजूट सांगणाऱ्यांची अडचण झाली. जातीची किंमत वर्षाला किती रुपये, असा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही. तो असता तर त्यात साचेवाला आणि रिंगवाला यांच्या पगारातला फरक बारा वेळा लिहावा लागला असता.

दुसरी गोष्ट गावाची. मुंबईतल्या महाराचे घर हे अर्धेच घर असे, उरलेले अर्धे गावी. तिथे वतन, म्हणजे थोडी इनाम जमीन, सुगीला बलुत्याचे धान्य, आणि त्यासाठी चोवीस तासांची बांधीलकी. टपाल पोचवा, सारा तालुक्याला न्या, चावडी झाडा, मेलेले ढोर ओढा, मयताचा सांगावा घेऊन परगावी जा. पाळीचा माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला धरून नेत, म्हातारा बाप असला तरी. बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मुंबई कौन्सिलात मांडले ते यावरच. ही वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. तोवर कित्येक घरे गिरणीचा पैसा गावी धाडून वतनाचा तोटा भरत राहिली. याला आमचे काही जुने लोक 'वतनदारी' म्हणून अभिमानाने मिरवीत. असो.

आणि बायांचे काम? आजी पहाटे नळाला उभी राही, चार परगावच्या गिरणीवाल्यांचे जेवण रांधी. त्या जेवणाचे पैसे मिळत म्हणून ते मिळकतीत धरले जाई. तीच भाकरी घरच्यांसाठी थापली तर ती कुठेच नाही. २०१९ च्या सरकारी कालवापर पाहणीत घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवते, पुरुष ९७. वर्षाचे अठराशे तास झाले. आठ तासांच्या पाळीने सव्वादोनशेहून अधिक दिवस. मी चळवळीत भाषणे करून घरी येतो तेव्हा ताट वाढलेले असते. हा आकडा वाचल्यापासून ते ताट पूर्वीसारखे गोड लागत नाही.

माझ्या शिक्षणाचे वर्षही असेच. प्रवेशाचे पैसे जूनमध्ये भरायचे आणि शिष्यवृत्ती यायची मार्चात. आईने डोरले गहाण ठेवले. फी माफ असे सरकारी कागद म्हणत होता. नऊ महिन्यांच्या व्याजाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

यंदा मी माझ्या वर्गाला घरच्या वर्षाचा हिशेब आणायला सांगितले. जमा, खर्च, कर्ज, व्याज असे रकाने फळ्यावर आखून दिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पाणी आणायचं कुठं लिहू?" फळ्यावर जागा नव्हती. डावीकडे एक रेघ ओढून रकाना वाढवला. त्याला नाव काय द्यावे यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.