संहितेविना संकलन : तळोद्याच्या चित्रीकरणाचे काय होते?

कौटुंबिक मालिकेच्या संकलकाकडे चित्रीकरणाबरोबर संहिताही येते. कोणत्या दृश्यामागून कोणते दृश्य यावे आणि कोणाच्या तोंडी कोणते वाक्य असावे, हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. ज्यांना आपण सरसकट 'रिअ‍ॅलिटी शो' म्हणतो, त्या कार्यक्रमांच्या संकलकाला हा आधार नसतो. 'झी मराठी'वर २००४ ते २०२२ या काळात घराघरांत गेलेला 'होम मिनिस्टर', २०१८ मध्ये 'कलर्स मराठी'वर सुरू झालेला मराठी 'बिग बॉस' किंवा शहरी मुलींना खेड्यात राहायला लावणारा २०२३-२४ मधील 'जाऊ बाई गावात' हे प्रकृतीने अगदी भिन्न कार्यक्रम. परंतु तिन्हींमध्ये माणसे काय बोलतील हे आधी ठाऊक नसल्यामुळे कॅमेरा सुरूच ठेवावा लागतो आणि गोष्ट लिहिली जाते ती चित्रीकरणानंतर, संकलकाच्या टेबलावर.

साहजिकच पहिली अडचण ढिगाऱ्याची. बीटाकॅमच्या काळात छोट्या कॅसेटवर अर्धा तास मावत असे. कॅसेट संपत आली की दिग्दर्शक आपोआप काटकसर करी. मेमरी कार्डाने तो धाक घालवला. समजा, चार कॅमेऱ्यांनी पाच दिवस रोज सहा तास चित्रण केले, तर १२० तासांचा ऐवज जमा होतो. तो नुसता पाहायला रोज आठ तासांप्रमाणे एका माणसाला पंधरा दिवस लागतात. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने चित्रण केले असेल, तर तासाला सुमारे २२ गिगाबाइट जागा लागते. शिवाय प्रत दोन ठिकाणी ठेवावी लागते, ती वेगळीच. यातून अर्ध्या तासाचा एक भाग काढायचा. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांत तासाला १२ मिनिटे जाहिरातींची मर्यादा घातली गेली. त्या हिशेबाने अर्ध्या तासात २४ मिनिटे उरतात आणि त्यातही शीर्षके व मागील भागाची उजळणी बसवायची असते.

म्हणून संकलनापूर्वी नोंदवही हवी. प्रत्येक प्रसंग, बोलणारी व्यक्ती, वाक्याचा आशय आणि टाइमकोड तिच्यात उतरवून घेतला जातो. हे काम कंटाळवाणे असते, सर्वांत नवख्या सहायकाकडे दिले जाते आणि घाई झाली की सर्वप्रथम त्यालाच कात्री लागते. मुंबई-पुण्यातील चित्रीकरणात हे कसेबसे निभते. तळोद्यासारख्या ठिकाणी मात्र निभत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील या तालुक्याच्या आठवडे बाजारात तासभर कॅमेरा फिरवला, तर त्यात अहिराणी, गुजरी, देहवाली भिली, वसावी आणि डोंगरातून उतरलेल्यांची पावरी इतक्या बोली सापडू शकतात. एकच बाई निवेदकाशी प्रमाण मराठीत बोलते, दुकानदाराशी अहिराणीत आणि शेजारणीशी आपल्या बोलीत. निवेदकाशी बोलताना ती जपून, पाहुण्याशी बोलावे तसे बोलते. तिचा मिस्कीलपणा, तक्रार आणि घासाघीस हे सारे उरलेल्या दोन बोलींत असते. मुंबईतल्या संकलकाला नेमके तेच कळत नाही. मग जे कळते ते निवडले जाते आणि जे कळत नाही त्यावर संगीत चढवून त्याची 'पार्श्वदृश्ये' केली जातात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. परंतु पडद्यावर सातपुड्यातील माणूस फक्त नाचतो, हसतो आणि मोजकी मराठी वाक्ये बोलतो, याचे एक कारण या न झालेल्या नोंदींत आहे. बोली जाणणारा माणूस केवळ चित्रीकरणाच्या जागी असून पुरत नाही. नोंदी करतानाही तो सोबत हवा.

दुसरी अडचण वाक्य तोडण्याची. दोन वेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून तिसरेच वाक्य घडवण्याच्या प्रकाराला अमेरिकी संकलक 'फ्रँकनबाइट' म्हणतात. मराठीत जोडण्याचीही गरज नाही. शेवटचा शब्द कापला तरी पुरे. आपली भाषा होकार-नकार, शक्यता आणि संकेत वाक्याच्या शेपटाशी ठेवते. 'मला सासूबाईंची तक्रार करायची नाही' यातला 'नाही' गळला की तक्रार सुरू झाली! 'मी रागावले असते, पण...' यातला 'असते' गेला की ती रागावलीच. कापलेली जागा झाकायला ऐकणाऱ्याचा चेहरा मध्ये टाकला, की प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. लांबण कमी करण्यासाठी असे सांधे सर्वच संकलक करतात आणि त्यात गैर काही नाही. अर्थ फिरला की मात्र ती लबाडी ठरते. स्पर्धक कलाकार निदान मुलाखतीतून खुलासा तरी करू शकतो. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच शेजारणींत बसायचे असते.

ध्वनीच्या तक्रारी अधिक तांत्रिक. तळोद्याहून अक्कलकुवा-मोलगीमार्गे काठीच्या होळीला गेलेल्या चमूचे उदाहरण घेऊ. रात्रभर मोठमोठे ढोल, घुंगरू बांधलेले नर्तक आणि त्यांच्यात उभे राहून दिलेल्या मुलाखती. ढोलाचा ताल वाक्याबरोबर कापला गेला की कानाला ठेच लागते. म्हणून सलग ढोलवादन आणि वस्तीतील शांतता यांचे काही मिनिटे स्वतंत्र ध्वनिमुद्रण करून आणावे. सांध्यांखाली ते अंथरता येते. मुख्य कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी आणि कोणाचा तरी मोबाइल ३० चौकटींनी चित्रण करीत असेल, तर हालचाल अडखळते. त्यातही मोबाइलचा वेग चित्रणादरम्यान बदलत राहतो, त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून दूर सरकतात. संकलनास बसण्यापूर्वीच सर्व चित्रण एका वेगात बदलून घेणे हा यावरचा खात्रीचा उपाय होय. पाठीमागच्या ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीत वाजत असेल, तर त्याच्या हक्कांचा प्रश्न निराळा. चांगली मुलाखत केवळ त्यापायी टाकून द्यावी लागते.

संमतिपत्रांविषयीही थोडे. ती कोणत्या भाषेत वाचून दाखवली, याची नोंद चित्रणातच असावी.

या साऱ्यानंतर वाहिनीकडून सूचना येतात : वेग वाढवा, भांडण आधी आणा. क्रम बदलला की मनगटावरचे घड्याळ, उन्हाची तिरीप, केसांतला गजरा चुगली करू लागतात. पुढे चित्रक्रम पक्का झाल्यावर रंगसंस्करण, ध्वनिमिश्रण आणि उपशीर्षके सुरू होतात. त्यानंतर एक वाक्य बदलायचे तरी तिन्ही कामे पुन्हा उघडावी लागतात. म्हणून बोली जाणणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलवायचे ते चित्रक्रम पक्का होण्याच्या आदल्या दिवशी, आणि उपशीर्षकांचा कागद हाती देण्यापूर्वी त्याला आवाज ऐकवायचा.