आधी स्थैर्य, मग मोजमाप

रसायनशास्त्राच्या पुस्तकात आधी सामू येतो आणि त्यानंतर बफर द्रावण. सामू म्हणजे आम्लता मोजण्याची पट्टी आणि बफर म्हणजे त्या पट्टीवर जागचे न हलणारे द्रावण, अशी ओळख करून दिली जाते. त्यामुळे बफर हे सामूचे एक उपप्रकरण आहे असा समज होतो. इतिहासात क्रम जवळजवळ उलटा लागतो. आम्लता स्थिर ठेवता येऊ लागली तेव्हाच ती भरवशाने मोजता येऊ लागली, आणि ही गरज ज्यांना सर्वांत तीव्रतेने जाणवली त्यांत बीअर गाळणाऱ्या धंद्यातले रसायनज्ञ होते. सामूची पट्टी रसायनज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बीअर कंपनीच्या प्रयोगशाळेतून मांडली, हे सर्वज्ञात आहे. त्याच निबंधात बफर मिश्रणे कशी करावीत याचा किती बारकाईने विचार केला आहे, याकडे मात्र फारसे कुणी लक्ष देत नाही.

अडचण मुळात मोड आलेल्या सातूतून आली. या सातूतली, म्हणजे माल्टमधली, एन्झाइमे पिष्टाची साखर करतात, प्रथिने फोडतात, आणि हे काम किती वेगाने होईल हे आम्लतेवर अवलंबून असते. पण आम्लता कोणती? जुन्या पद्धतीने अल्क घालत घालत द्रावणातले एकूण आम्ल काढता येई. त्या मोजणीत सारख्याच संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल सारखेच भरते, कारण दोघांनाही सारखेच अल्क लागते. मात्र ०.१ मोलर द्रावणात ॲसेटिक आम्ल जितके हायड्रोजन आयन मोकळे सोडते, त्याच्या सत्तरपटीहून अधिक आयन हायड्रोक्लोरिक आम्लातून सुटतात. एन्झाइमला या मोकळ्या आयनांशी कर्तव्य असते. अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये आयनीकरणाचा सिद्धांत मांडल्यापासून ही गोष्ट कागदावर स्पष्ट होती. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचे अगदी विरळ, ठरावीक प्रमाण असलेले द्रावण करायचे कसे, याला उत्तर नव्हते. तीव्र आम्ल पाण्याने दहा लाखपट पातळ करावे, तर बाटलीच्या काचेतून झिरपणारे अल्क आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड सगळा हिशेब बिघडवतात. शुद्ध पाणी उघड्यावर ठेवले तरी त्याचा सामू ७ वरून ५.६ च्या आसपास उतरतो.

१९०० मध्ये फर्नबाख आणि ह्यूबर्ट या फ्रेंच संशोधकांनी माल्टच्या एन्झाइमांवर फॉस्फेटांचा परिणाम तपासला, तेव्हा त्यांना दिसले की दोन प्रकारची फॉस्फेटे एकत्र असली की आम्लाचा किंवा अल्काचा घाव बराचसा शोषला जातो. माल्टच्या अर्कात ही फॉस्फेटे मुळातच असतात. म्हणजे सातू आपली आम्लता स्वतःच सांभाळत होता, आणि माणसाला ते कळायला धंद्याची नड लागली.

सोरेन्सन यांनी ही जाण कृतीत उतरवली. एका लिटरमध्ये ९.०७८ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, दुसऱ्यात ११.८७६ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट. दोन्ही द्रावणे १/१५ मोलर. दुसऱ्या क्षारात पाण्याचे नेमके दोनच रेणू असले पाहिजेत. बारा रेणूंचे मूळ स्फटिक मोकळ्या हवेत राहू दिले की जादा पाणी आपोआप उडून ते त्या अवस्थेला येतात. निम्मे-निम्मे मिसळले की सामू ६.८ च्या जवळ. दुसऱ्याचे सहा भाग आणि पहिल्याचे चार घेतले की जवळपास ७. वजने ठाऊक, प्रमाण ठाऊक, म्हणून जगात कुठेही तेच द्रावण तयार होणार. ज्याच्यापाशी महागडे उपकरण नाही त्यानेही या मिश्रणांच्या नळ्यांत रंगसूचक टाकावा आणि आपल्या नमुन्याचा रंग शेजारी धरून पाहावा.

या मिश्रणाला इतका टिकाव का, हे आकड्यांतच पाहिलेले बरे. एक लिटर शुद्ध पाण्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की सामू ७ वरून थेट २ वर येतो. आता एक लिटर द्रावणात ०.१ मोल ॲसेटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसेटेट घ्या. त्याचा सामू ४.७६. त्यात तेवढेच आम्ल टाकले तर आलेले हायड्रोजन आयन ॲसेटेटला चिकटतात, ॲसेटेट ०.०९ वर येते, आम्ल ०.११ होते. सामू ठरतो तो या दोघांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर, आणि ते गुणोत्तर फारसे बदललेलेच नाही. म्हणून सामू उतरतो तो ४.६७ वर. आयन नाहीसे झालेले नसतात, ते बांधले गेलेले असतात. साठा संपला की हाच बफर इतर कुठल्याही द्रावणासारखा कोलमडतो.

आधी बफर, मग मोजमाप या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की हायड्रोजन आयनांचे प्रमाण मोजणारा हायड्रोजन इलेक्ट्रोड तर आधीपासून होता. सोरेन्सन यांनीही आपल्या मिश्रणांचे मूल्य त्यानेच ठरवले. मग मोजमाप आधी, बफर नंतर, असेच नाही का? आक्षेप निम्मा खरा आहे. पण इलेक्ट्रोडला स्थिर आकडा द्यायला स्थिर द्रावण लागते. बफर नसलेल्या द्रावणात काटा भरकटत राहतो, आणि त्यातून सोडलेला हायड्रोजन वायू विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर ढकलतो. इलेक्ट्रोड आणि बफर एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. त्यातला दुकानोदुकानी पोहोचणाऱ्या किलोच्या वजनासारखा भाग बफरचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हंगेरीच्या सिली यांनी रक्तद्रवाचा विचार करताना १९०३ मध्येच फॉस्फेटांची मिश्रणे वापरली होती. हार्वर्डच्या हेंडरसन यांनी १९०८ मध्ये दुर्बल आम्लाचे बळ आणि त्याची उदासीनता राखण्याची क्षमता यांचा संबंध मांडला तो रक्तासंदर्भात. मग श्रेय बीअरला का? कल्पनेचे श्रेय एकट्या बीअरला देता येत नाही, हे मान्यच करायला हवे. वैद्यक आणि किण्वन दोन्हीकडून लोक एकाच ठिकाणी येत होते. कार्ल्सबर्गचे वेगळेपण चिकाटीत आणि मोकळेपणात होते. कंपनीचे मालक याकोबसेन यांनी १८७५ मध्ये प्रयोगशाळा स्थापन करताना तिथले निष्कर्ष गुपित ठेवायचे नाहीत असे ठरवून दिले होते. १८८३ मध्ये केल्डाल यांची नायट्रोजन मोजण्याची पद्धत आणि हान्सेन यांचे शुद्ध यीस्ट, दोन्ही तिथून जगाला मिळाले. धंद्याच्या पैशावर मोजमापाचे कंटाळवाणे काम करू देणारी आणि ते प्रतिस्पर्ध्यालाही वाचू देणारी जागा त्या काळात दुर्मीळ होती. प्रमाण मिश्रणांना अशीच जागा लागते, कारण ती सर्वांनी वापरली तरच प्रमाण ठरतात.

रक्ताचा मुद्दा तेवढ्यावर संपत नाही, कारण तिथे बफरचे नेहमीचे सूत्रच अपुरे वाटते. सामू आपल्या दुर्बल आम्लाच्या स्थिरांकाच्या (pKa) जवळ असतो तेव्हा बफर सर्वांत बळकट असतो. कार्बोनिक आम्लाचा तो आकडा शरीरात ६.१ येतो आणि रक्ताचा सामू असतो ७.४. बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण वीसास एक, म्हणजे बंद बाटलीत हा बफर दुबळाच ठरला असता. पण शरीर बंद बाटली नाही. आम्ल वाढले की बायकार्बोनेट त्याला धरते, त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात, आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेटची भरपाई करतात. हेंडरसन यांच्या समीकरणाला लॉगरिदमचे रूप देणारे हासेलबाल्क कोपनहेगनचेच, आणि त्यांनी ते सोरेन्सन यांच्या पट्टीत मांडले. पुढे ते शेतीकडे वळले आणि मातीच्या आम्लतेवर काम करू लागले. आपल्याकडच्या माती परीक्षण अहवालात सामूचा आकडा छापला जातो त्यामागे हीच पट्टी आहे.

आजही क्रम तोच आहे. एकट्या हायड्रोजन आयनाची सक्रियता थेट मोजता येत नाही, म्हणून सामूचे व्यवहारातले मोजमाप प्राथमिक प्रमाण बफरांवर टेकवले आहे. २५ अंश सेल्सिअसला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचे ०.०५ मोलल द्रावण ४.००५, फॉस्फेटांचे ठरलेले मिश्रण ६.८६५, आणि बोरॅक्सचे ०.०१ मोलल द्रावण ९.१८. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सामूमापक लावताना ४, ७ आणि ९.२ च्या बफर गोळ्या पाण्यात विरघळवतात. त्यातला ९.२ हा आकडा बोरॅक्सच्या प्रमाण द्रावणाचा, म्हणजे सोनार डाग लावताना वापरतात त्या टाकणखाराचा.