देवगिरीचा ठिपका

चीनमधली ‘यौलान’ ही गुचिनवरची रचना ७व्या शतकातल्या हस्तलिखितात टिकली. त्यात सूर लिहिलेले नाहीत, कुठलं बोट कुठल्या तारेवर हे शब्दांत सांगितलंय. आपल्याकडे उलट. १३व्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेवाने (माणूस हिशेबखात्यातला बरं का!) ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात थेट सा-री-ग. मंद्र सुराच्या डोक्यावर ठिपका, तार सुरावर उभी रेघ. पलुस्करांनी तेच ठेवलं. पण मी डोंबिवलीत क्लासला शिकलो ती भातखंडे पद्धत. तिथे वरचा ठिपका म्हणजे तार सप्तक! खर्जातली ओळ सरळ वर जाणार. शिवाय त्याचा शुद्ध गंधार आपल्या कोमल गंधाराजवळचा. त्यामुळे ‘बघा, यादवकालीन संगीत’ म्हणून हार्मोनियमवर वाजवलेलं मला तरी पटत नाही.