कुडाच्या भिंतीचा इतिहास

चंद्रपूरचा परकोट दाखवायला मी दरवर्षी विद्यार्थ्यांना नेतो. गोंडराजांच्या त्या दगडी भिंतींविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण ज्यांनी हे दगड वाहिले ती माणसे कसल्या घरात राहत होती, असे एका मुलीने विचारले तेव्हा मला ग्रंथ आठवला नाही. आठवले आजीचे घर.

ते कुडाचे होते. सागाच्या, ऐनाच्या बल्ल्या रोवायच्या, त्यांत बांबूच्या कामट्यांचा ताटवा बसवायचा आणि दोन्ही अंगांनी माती, शेण, तणस यांचा गारा लिंपायचा. छपराचा सांगाडाही बांबूचाच. वर तणस किंवा कवेलू. बांधायला पळसाच्या मुळांचा वाक. पावसाळ्यात खालचा हातभर गारा गळून पडे आणि दिवाळीआधी बायका तो पुन्हा चढवीत. अशा घराचे अवशेष उरत नाहीत. वाळवी आणि पाऊस त्याची माती करतात. म्हणून ते घर इतिहासात नव्हतेच असे मानायचे काय?

गोंडाचा कूड आणि आमचा कूड यांत सामान एकच होते. आमचा वाडा मात्र गावाच्या कडेला, आणि तीही जागा आमची नव्हे. मालगुजारीत गावठाणावर मालकी मालगुजाराची. 1950 च्या कायद्याने ती संपली. ‘भित आपली, भुई मालकाची,’ असे आजी सांगे.

भुईचे असे, तर बांबूचे त्याहून वाईट. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडाच्या व्याख्येत घातले. राखीव जंगलातून घरापुरता बांबू आणणे ही सरकारने द्यायची सवलत झाली. पुढे बल्लारपूरला कागदाचा कारखाना उभा राहिला आणि जंगलातला बांबू तिकडे गेला. माझ्या आईबापाला अक्षर माहीत नव्हते. मी ज्या वह्यांवर शिकलो त्यांचा कागद कदाचित त्याच बांबूचा असेल. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. त्यानंतर कुठे, 2011 साली, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या ग्रामसभेला आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देता आला.

घराच्या आतही इतिहास घडला. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत माझा आजा होता. परतल्यावर त्याने देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि कुडावर बाबासाहेबांचा फोटो टांगला. लिंपायच्या दिवशी आजी तो उतरवी आणि हात धुऊन पुन्हा लावी.

आता तेथे घरकुलाचे सिमेंटचे घर आहे. मागचा एक कूड माय पाडू देत नाही. उन्हाळ्यात ती तिथेच निजते.