पेटीतला परका गंधार : बंदी, कानस आणि नागपूरची संवादिनी

१/ १६ जुलै १९४८. आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. विदर्भातील गायकांना आपल्याच शहरात ध्वनिक्षेपण लाभले. मात्र मैफलीत सर्रास वाजणाऱ्या पेटीला त्या स्टुडिओत प्रवेश नव्हता. १ मार्च १९४० पासूनच ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती.

२/ हे वाद्य मूळचे युरोपचे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेथे भाता पायाने चाले आणि वादक खुर्चीवर बसे. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची पेटी घडवली. वाद्य भारतीय बैठकीत आले. सुरांची मांडणी मात्र युरोपीयच राहिली.

३/ आक्षेपाचे मूळ येथे आहे. कोणत्याही पट्टीत सारखेच वाजवता यावे म्हणून युरोपात सप्तकाचे बारा समान भाग केले गेले. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार त्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) फरक अल्प, पण तंबोऱ्याशेजारी तो कानाला बोचतो. शिवाय पेटीतून मींड निघत नाही.

४/ रवींद्रनाथ टागोरांसारख्यांनी पेटीला विरोध केला. रेडिओच्या दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये तिच्यावर टीका लिहिली. स्वातंत्र्यानंतर बा. वि. केसकर हे मराठी मंत्री १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळत होते. तेव्हाही बंदी कायम राहिली.

५/ रेडिओबाहेरचे चित्र वेगळे होते. संगीत नाटकाने पेटी व ऑर्गन घरोघरी पोहोचवले होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने पेटीला साथीपलीकडे एकल वादनाची प्रतिष्ठा दिली होती. अखेर १९७० च्या परिसंवादानंतर बंदी शिथिल झाली.

६/ दोष खरा असेल, तर केवळ तोच काढता येणार नाही का? कारागिरांचे उत्तर त्यांच्या हातात होते. पेटीचा सूर पितळी रीडच्या कंपनातून निघतो. रीड टोकाकडे घासली की सूर चढतो. मुळाशी घासली की उतरतो. अशा रीतीने ठरावीक षड्जाशी स्वर जुळवण्याच्या पद्धतीला वादक ‘गंधार ट्यूनिंग’ म्हणतात.

७/ याची किंमतही मोजावी लागते. षड्ज बदलला की तेच स्वर बेसूर ठरतात. कोणत्याही पट्टीत वाजण्याची युरोपीय सोय सोडली, तरच शुद्ध गंधार हाती येतो.

८/ नागपुरात १९२९ मध्ये जन्मलेले पं. मनोहर चिमोटे याच वाटेने पुढे गेले. त्यांना भीष्मदेव वेदी यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांनी पेटीला स्वरमंडळाची जोड दिली, तिला ‘संवादिनी’ हे नाव दिले आणि आयुष्यभर एकल वादनाचा पुरस्कार केला. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

९/ पेटीचे कोणतेही ‘मूळ भारतीय रूप’ नव्हते. त्यामुळे परतण्यासारखे काहीच नव्हते. धोरणकर्त्यांनी परकेपणा हटवण्यासाठी संपूर्ण वाद्यच दूर केले. कारागिरांनी आणि वादकांनी परकेपणाचा नेमका अंश ओळखून तेवढाच घासून काढला. मींड आजही निघत नाही. तरी नागपूरच्या मैफलीत आज साथीला पेटीच असते.