पायली, शीग आणि ग्रॅम : जव्हार-मोखाड्यातून दिसणारा मापाचा इतिहास

आहाराची नोंद ठेवणाऱ्या मोबाइल ॲपमध्ये 'एक कप तांदूळ' असे लिहिले की ते त्याचे ग्रॅम करून दाखवते. पण कप कोणता? अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलीटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, आणि जपानमध्ये तांदूळ मोजण्याचा कप १८० चा. आपल्याकडची आमटीची वाटी यांपैकी कोणाशीच जुळत नाही. प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो. प्रत्यक्षात धान्याच्या आकारमानाचे वजन करणे हा आपल्या आर्थिक इतिहासातला फार जुना वाद आहे, आणि त्यात माणसांची पोटे अडकलेली आहेत. हा धागा त्याविषयी आहे. (लांब आहे, सवडीने वाचा.)

जागा म्हणून वांगणी घेऊ. कर्जत मार्गावरच्या रेल्वे स्थानकाची वांगणी वेगळी. ही पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातली. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांचा हा प्रदेश. उतारावरची नागली आणि वरई, खाचरातले भात ही येथली पिके. १९९२ साली येथील बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि 'वावर-वांगणी' हे जोडनाव महाराष्ट्रात कुपोषणाचा पर्यायी शब्द होऊन बसले. तेथपर्यंत पोहोचण्याआधी मात्र आपल्याला पायली समजून घ्यावी लागेल.

जुन्या मराठी कागदांत धान्याच्या आकड्याशेजारी 'कैली' हा शब्द वारंवार भेटतो. कैली म्हणजे मापाने मोजलेले. तराजूने तोललेले ते वजनी. कैली मण आणि वजनी मण या दोन स्वतंत्र गोष्टी होत. नवशिके अभ्यासक येथे हमखास गोंधळतात, कारण एककांची नावे तीच असतात. कैली कोष्टक साधारण असे चाले : दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, पुढे मण आणि वीस मणांची खंडी. मण कोठे बारा पायल्यांचा, कोठे सोळा. 'पायलीचे पंधरा' हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो; पायली पाहिलेले मात्र थोडे.

या कोष्टकाची सुंदरता दुपटीत आहे. अर्धे, पाव, अर्धपाव करण्यासाठी तराजू लागत नाही. लहान भांडे दोनदा भरले की मोठे भरते. तराजू सांभाळणे, वजने खरी ठेवणे हे खर्चाचे काम. लाकडाचे किंवा पितळेचे माप खळ्यावर नेता येते. म्हणून कैली पद्धत मागासलेली होती असे म्हणणे मला पटत नाही. खळ्यावरच्या कामासाठी ती अगदी योग्य होती. अडचण दुसरीकडे होती.

पहिली अडचण धान्याची. २०० मिलिलीटरच्या भांड्यात सडलेला तांदूळ सुमारे १६० ग्रॅम मावतो. त्याच भांड्यात भात, म्हणजे तुसासकट साळ, ११५ ग्रॅमच्या आसपास भरते, कारण तूस जागा अडवते आणि वजन देत नाही. पीठ चाळून हलक्या हाताने भरले तर एक वजन, दाबून भरले तर दुसरे. पोह्यांचे तर विचारूच नका. म्हणजे 'एक पायली' या दोन शब्दांचे किलो करायचे असतील तर धान्य कोणते, हे आधी सांगावे लागते. आज जुन्या शेतकऱ्यांना विचारले तर कोणी पायली साडेतीन-चार किलोंची सांगतो, कोणी सात किलोंची. दोघेही खरे बोलत असतात. प्रत्येकाच्या मुलखातला शेर वेगळा. गोव्यात वीस कुडवांची खंडी होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला कुडुब मात्र प्रस्थाचा चौथा भाग, म्हणजे अगदी लहान. नाव टिकले, भांडे बदलले.

दुसरी अडचण शिगेची. माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो ती शीग. उत्कंठा 'शिगेला पोहोचली' असे आपण लिहितो, तेव्हा खळ्यावरचे मापच आपल्या तोंडी असते. माप सपाट करायचे की शिगेने भरायचे, यावर दर खेपेला काही मुठींचा फरक पडतो. मापाड्याचा हात येथे निर्णायक. तो पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे, आणि मग दोन, तीन असे मोजत जाई. लाभ कोणाचा, हे त्याच्या हातावर ठरे.

हा प्रश्न किती जुना आहे? अर्थशास्त्रात धान्यमापे सुकलेल्या टणक लाकडाची असावीत आणि त्यांत चौथाई भाग शिखेचा धरावा, असे सांगितले आहे. शिखा आणि शीग यांचे नाते कानालाच कळते. त्याहून बोलका तपशील द्रोणाचा. राजाकडे येणारे धान्य मोजण्याचा द्रोण २०० पलांचा, व्यवहारातला १८७.५ पलांचा; राजाकडून देणे द्यायचे तेव्हा १७५ चा; आणि अंतःपुरासाठी १६२.५ चा. घेताना मोठे माप, देताना लहान, हे येथे चोरी म्हणून आलेले नाही. नियम म्हणून आले आहे. त्याच ग्रंथात माणसाच्या एका जेवणाचा हिशेबही आहे : एक प्रस्थ तांदूळ, चौथाई प्रस्थ वरण, वर तूपतेल आणि मीठ. स्त्रियांना त्याचा पाऊण भाग, मुलांना अर्धा. आहाराच्या नोंदीचे कोष्टक आपल्याकडे आजच्या ॲपहून बरेच आधीचे आहे, आणि त्यात कोणाला किती कमी द्यायचे हेही पक्के लिहिलेले आहे.

आता पुन्हा डोंगरात. आषाढ-श्रावणात येथील घरातले धान्य संपते. नवे पीक दिवाळीच्या आसपास. मधल्या महिन्यांत खाण्यासाठी उचललेले धान्य म्हणजे खावटी. ती सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून मिळे आणि फेड धान्यातच होई. धान्याच्या व्याजाला मराठीत 'वाढीदिढी' असा खास शब्द आहे : घेतले त्याच्या दीडपट परत.

दीडपट म्हणजे पन्नास टक्के, असे आपण चटकन म्हणतो. मापासकट हिशेब करून पाहू. समजा, बारा पायल्या उचलल्या आणि त्या सपाट मापाने मिळाल्या. फेड अठरा पायल्यांची, पण ती शिगेने घेतली. शीग सपाट मापाच्या चौथाईइतकी धरली तर अठराच्या साडेबावीस होतात. बारावर साडेदहा, म्हणजे सत्त्याऐंशी टक्क्यांहून अधिक, आणि तेही पाच-सहा महिन्यांत. वहीत मात्र दिढीच. सावकाराच्या घरी दोन मापे असतात, ही तक्रार महाराष्ट्रभर ऐकू येते आणि 'मापात पाप' ही म्हण उगाच पडलेली नाही. पण वरचा हिशेब पाहा : त्यासाठी दुसऱ्या मापाची गरजही नाही. एकाच मापावर हात कसा फिरतो, एवढे पुरते.

ब्रिटिश काळात जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर शेजारचा मोखाडा ठाणे जिल्ह्यात, थेट मुंबई सरकारखाली. डोंगर एकच, अंमल दोन. मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अहवाल दिला. त्यात कर्ज, खावटी आणि वेठ यांचा विचार आहे. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा लढा उभा राहिला, तेव्हा मजुरीची एक मागणी ५०० पौंड गवत कापण्याच्या दरावर होती. मोळी किंवा भारा हे एकक तेथे चालणार नव्हते, कारण भाऱ्याचा आकार मालक ठरवतो. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी हा काळ समजण्यासाठी ते अवश्य वाचावे.

वजनाच्या बाजूने सरकारी पावले फार सावकाश पडली. १८३३ च्या नियमाने तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅमचा, झाला. कोकणात मोजणी केलेल्या टी. बी. जर्व्हिस या अधिकाऱ्याने १८३६ मध्ये देशभर एकच मापपद्धती आणता येईल असे सांगणारे पुस्तक लिहिले; ते प्रत्यक्षात यायला सव्वाशे वर्षे गेली. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, ४० शेरांचा मण ३७.३ किलोंचा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याबाहेर गेले. पायलीही गेली. बाजारातून मात्र गेली नाही; आठवडे बाजारात सुकी मासळी आजही वाट्यावर विकली जाते.

ग्रॅम आला म्हणजे न्याय आला, अशी मात्र समजूत नको. १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराची मजुरी रोजच्या एका पौंड धान्यावर आणि वर थोड्या पैशांवर आणून ठेवली. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. हे अगदी काटेकोर वजन होते, शीग नाही, मापाड्याचा हात नाही. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून त्याचा निषेध केला, आणि मद्रासमध्ये सर्जन कॉर्निश यांनी या प्रमाणावर माणूस श्रम करू शकत नाही असा वैद्यकीय आक्षेप घेतला. तराजू खरा असला तरी त्यात किती टाकायचे हे कोणीतरी ठरवतोच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहाराचे प्रमाण ३०० उष्मांक आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने असे होते. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हेच प्रमाण प्रत्येक बालकाचा हक्क म्हणून बांधून दिले. २००९ मध्ये ते ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांवर गेले. तीव्र कुपोषित बालकासाठी ८०० उष्मांक, २० ते २५ ग्रॅम प्रथिने. या आकड्यांचे नागलीत रूपांतर करून पाहा. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३३० उष्मांक आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने. ५०० उष्मांकांसाठी दीडशे ग्रॅम लागतील, आणि तरीही प्रथिने अकराच्या पुढे जाणार नाहीत; डाळ किंवा अंडे हवेच. नागलीची खरी श्रीमंती कॅल्शियममध्ये आहे : १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, जेथे तांदळात जेमतेम दहा.

पण मुलाच्या पुढ्यात ग्रॅम येत नाहीत, वाटी येते. येथे कैली पद्धत मागच्या दाराने परत घरात शिरते. नागलीची आंबील किंवा तांदळाची पेज पातळ केली की वाटी तेवढीच भरलेली दिसते. वर्षाच्या मुलाचे पोट लहान. ते पाण्यानेही भरते आणि मूल गप्प होते. तीच वाटी घट्ट शिजवली तर तिच्यात कितीतरी जास्त पीठ जाते. श्रावणात कणगी रिकामी होऊ लागली की आई पेज पातळ करते. यात अज्ञान नाही, उरलेले दिवस मोजून केलेला तो हिशेब आहे. 'मूल दोन वाट्या जेवते' हे तिचे उत्तरही खरे असते. काट्यावर मात्र त्याचे वजन वाढत नाही, आणि दंडावरच्या पट्टीवर घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली उतरतो.

अंगणवाडीतही कोठीतले धान्य किलोंत उतरते आणि ताटात डावाने जाते. मधला हिशेब सोपा आहे. समजा, वीस मुले, प्रत्येकी ६० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ : कच्चे धान्य १६०० ग्रॅम. त्याची खिचडी पाच किलो झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५० ग्रॅम. तो डाव एकदा काट्यावर ठेवून पाहिला की महिनाभराचे माप ठरते. पण पाणी वाढून तीच खिचडी सात किलो झाली आणि डाव तोच राहिला, तर ती अठ्ठावीस मुलांना पुरते. ताट तेवढेच भरलेले दिसते, आणि ऐंशी ग्रॅमच्या जागी मुलाच्या पोटात सत्तावन्न ग्रॅम धान्य जाते.