उमेदवारीचा पैसा

अप्रेंटिसच्या खात्यात महिन्याला पैसे जमा होतात, यात आज कुणाला नवल वाटत नाही. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र पैसा उलट्या दिशेने जायचा. मुलाला घड्याळजीच्या किंवा सोनाराच्या हाताखाली घालायचं, तर बापच उस्तादाला रक्कम मोजायचा. ही प्रथा इतकी मुरलेली होती की 1710 पासून सरकारने त्या रकमेवर कर बसवला: पौंडामागे सहा पेन्स, आणि रक्कम 50 पौंडांहून मोठी असेल तर दुप्पट.

1563 च्या कायद्याने उमेदवारी किमान सात वर्षांची ठरवली होती. मुलाला मिळायचं ते जेवण, निवारा आणि हुन्नर. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा. 1805 मध्ये तो रिबो नावाच्या पुस्तकबांधणीवाल्याकडे लागला, तेव्हा मुलाच्या चोख चाकरीच्या बदल्यात रक्कम घेतली नसल्याचं करारात मुद्दाम नोंदवलं गेलं. बेंजामिन फ्रँकलिन बोस्टनला सख्ख्या भावाच्या छापखान्यात बाराव्या वर्षी चिकटला, एकविसाव्या वर्षापर्यंतच्या बोलीवर. कारागिराची मजुरी मिळणार होती ती फक्त शेवटच्या वर्षी. तेवढं थांबणं त्याला जमलं नाही. त्याआधीच तो पळाला.

आपल्याकडे सुताराचं पोर बापाच्या रंध्याशेजारीच वाढायचं. तिथे करारपत्र कोण करतो? म्हणूनच की काय, 1850 चा हिंदुस्थानातला अप्रेंटिस कायदा मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांसाठी होता. वय दहा ते अठरा, करार जास्तीत जास्त सात वर्षांचा. मुलीचा करार लग्न झालं की संपायचा.

1961 च्या कायद्याने चित्र पालटलं. किमान वय चौदा झालं आणि विद्यावेतन देणं मालकावर बंधनकारक झालं. पुढे 2014 च्या दुरुस्तीनंतर ते अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडलं गेलं: पहिल्या वर्षी 70 टक्के, मग 80, मग 90. 2019 मध्ये थेट किमान रकमाच ठरल्या. तेव्हा पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना 5,000 रुपये, पदवीधराला 9,000.

तरी या पैशाला पगार म्हणायची सोय नाही. आयटीआय करून आलेला फिटर कारखान्यात उमेदवारी करत असला, तरी 1961 च्या कायद्याच्या कलम 18 नुसार तो शिकाऊ, कामगार नव्हे. नगावर मजुरी नाही, उत्पादनाचा बोनस नाही. मशीनमध्ये बोट सापडलं, तर मात्र नुकसानभरपाईपुरता हाच कायदा त्याला कामगारासारखं वागवतो.